डांबराचा हिशेब

लाकूड, भुसा किंवा हलका कोळसा भरपूर हवेत जाळला की उष्णता मिळते. मोजक्याच हवेत जाळला की जळणारा वायू मिळतो. 'प्रोड्युसर गॅस' नावाच्या या वायूची प्रकृती मुळातच तोळामासा. निम्मा भाग हवेतून आलेला नायट्रोजन, म्हणजे निव्वळ भरताड. दहाएक टक्के कार्बन डायऑक्साइड, तोही आधीच जळून मोकळा झालेला. कामाचे काय ते कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, दोन्ही मिळून चाळीस टक्क्यांच्या आतबाहेर. नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमधून साडेआठ-नऊ हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. याच्या घनमीटरमधून जेमतेम हजार ते तेराशे.

तरीही दीडशेहून अधिक वर्षं हा वायू पुन्हा पुन्हा वापरात येतो आणि पुन्हा पुन्हा अडगळीत जातो. खापर फुटतं ते त्याच्या अशक्तपणावर. इतिहास तपासला तर अशक्तपणावर तोड फार लवकर निघालेली दिसते. चिवट ठरलंय ते वायूसोबत येणारं डांबर.

२० जून १८६२ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी शुक्रवारच्या व्याख्यानमालेतलं आपलं अखेरचं व्याख्यान दिलं. विषय होता सीमेन्स बंधूंची वायूभट्टी. भट्टीतून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर विटांची जाळी तापवायची, मग धुराची वाट बदलून त्याच जाळीतून हवा आणि वायू आत सोडायचे, ही तिची युक्ती. दोन्ही आधीच तापलेले असल्याने हलक्या कोळशाच्या वायूवरही काच वितळू लागली. पुढे पोलादाच्या भट्ट्यांनी हेच तंत्र उचललं.

इंजिनातही अशक्तपणा वाटतो तेवढा आड येत नाही. नैसर्गिक वायू जळायला त्याच्या जवळजवळ दहापट हवा लागते. प्रोड्युसर गॅसला साधारण त्याच्याएवढीच पुरते. त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या मिश्रणाचा हिशेब केला तर पेट्रोल-हवेच्या मिश्रणापेक्षा या मिश्रणात उष्णता सुमारे एक तृतीयांशाने कमी भरते. चढावर गाडी धापा टाकते, पण चालते.

दुसऱ्या महायुद्धात ती चाललीच. फ्रान्समधल्या जॉर्ज इम्बर्ट यांनी १९२०च्या दशकात विकसित केलेल्या वायू-जनित्राच्या, म्हणजे गॅसिफायरच्या, धर्तीवर युरोपात लाखो वाहनं लाकडाच्या ठोकळ्यांवर धावली. भारतातही पेट्रोलवर रेशनिंग आलं आणि बसगाड्यांच्या पाठीवर कोळशाच्या टाक्या चढल्या. धोका होता तो कार्बन मोनॉक्साइडचा: रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. युद्ध संपलं, पेट्रोल आलं, टाक्या भंगारात गेल्या.

इम्बर्टच्या जनित्राचं मर्म हवेच्या दिशेत होतं. वायू वरच्या बाजूने काढला तर लाकडातून सुटलेली डांबरी वाफ थेट त्याच्याबरोबर बाहेर पडते. घनमीटरमागे पन्नासेक ग्रॅमपर्यंत डांबर. तोच वायू खाली ओढला तर ती वाफ हजार अंशांहून तप्त निखाऱ्यांतून जाते आणि तिथे मोडते. मग उरतं ग्रॅमभर. इंजिनाला मात्र त्याच्याही दहाव्या हिश्शाहून कमी चालतं.

असा गॅसिफायर पेटवताना हे सगळं डोळ्यांना दिसतं. आधी नळीतून पांढरा, डोळ्यांत झोंबणारा धूर येतो. पेटता बोळा धरला तर बोळाच विझतो. दहा-पंधरा मिनिटांत निखारे तापले की धूर विरळ होतो, बोळा नेताच वायू भपकन पेट घेतो, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जेमतेम दिसते. लाकूड ओलं निघालं किंवा तुकडे वेडेवाकडे अडकले, की धूर परत येतो. तो इंजिनात गेला तर थंड होताना झडपांवर काळा चिकट थर बसतो आणि सकाळी इंजिन फिरत नाही.

भारतातले प्रयोग याच ठिकाणी अडखळले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळीत १९८८च्या सुमारास गॅसिफायरवर दिवे, पाणी आणि पिठाची गिरणी चालवून दाखवली. तिथे पाठीशी शास्त्रज्ञ होते. पण त्याच काळात सरकारी अनुदानावर वाटलेल्या गॅसिफायर-पंपांपैकी अनेक ठिकाणी पंप-इंजिन तेवढं वापरात राहिलं, गॅसिफायर कोपऱ्यात गेला. भाताच्या तुसावर २००७ साली बिहारमधलं तमकुहा गाव उजळवणारी हस्क पॉवर कंपनीही पुढे सौरऊर्जेकडे वळली.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने निराळी वाट धरली. उसाचं पाचट वजनाला हलकं, जागा खाणारं, राख वितळून गोळे धरणारं. ठोकळ्यांसाठी बनलेल्या जनित्रात ते चालत नाही. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी पाचट-बगॅससाठी वेगळा गॅसिफायर बांधला आणि त्याचा वायू इंजिनाऐवजी भट्टीला दिला. तेलावर चालणाऱ्या, सिरॅमिक भाजणाऱ्या औद्योगिक भट्टीला तो जोडून पाहिला. १९९७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वायू गरम असतानाच जाळला की डांबरही वाफेच्या रूपात जळतं, उलट उष्णतेत भरच घालतं. शिवाय उरलेल्या कोळशाच्या कांड्या होतात त्या वेगळ्याच.

मग भट्टी म्हटलं की प्रश्न मिटला? गुजरातमधलं मोरबी त्याचं उत्तर देतं. आपल्याकडच्या असंख्य घरांतल्या फरश्या तिथल्या. कोळशाचा वायू करून तो थंड करायचा, धुवायचा आणि टाइल्सच्या भट्टीला द्यायचा, अशी तिथल्या अनेक कारखान्यांची पद्धत होती. धुताना डांबर आणि फिनॉल पाण्यात उतरले. भट्टी स्वच्छ राहिली, परिसर बिघडला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मार्च २०१९मध्ये कोळशाचे हे गॅसिफायर बंद करायला लावले आणि मोरबी नैसर्गिक वायूवर गेलं.

आता २०३०पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचं वायूकरण करण्याचं राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. जानेवारी २०२४मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांचं प्रोत्साहनही मंजूर झालं. खत आणि मिथेनॉलसाठीच्या अशा प्रकल्पांत हवेऐवजी मुख्यतः ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे नायट्रोजनचं भरताड टळतं. वायू धुण्याचं आणि ते पाणी निस्तरण्याचं काम मात्र टळत नाही. मोठ्या प्रकल्पाला ती यंत्रणा परवडू शकते, इतकंच.

छोट्या वापरासाठी निवाडा सरळ आहे. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं थेट जळतात, तिथे वायूचा खटाटोप कशाला? शेतपंपासाठी सौर पॅनेल आता अधिक बिनघोर. पण जिथे एखादी भट्टी डिझेल किंवा फर्नेस ऑइल पिते, वाळलेला पालापाचोळा गाडीभाड्यात परवडतो आणि वायू दोन-चार मीटरवर गरमागरम जाळता येतो, तिथे हा अशक्त वायू आजही पैसे वाचवतो. यंत्र विकायला येणारा किलोवॉट सांगेल, अनुदान सांगेल. त्याला आधी डांबराचं काय करणार ते विचारावं, आणि उत्तर 'धुऊन काढू' असं आलं तर ते पाणी कुठे सोडणार, हे लेखी घ्यावं.