सर्व्हरची मेमरी खरोखर भरली आहे का?

निकालाच्या आदल्या रात्री एका संस्थेचा डेटाबेस सर्व्हर मी पाहत होतो. लिनक्सला 'फ्री' ही कमांड दिली, तर 16 जीबीपैकी मोकळी मेमरी फक्त 0.4 जीबी! घाबरून सर्व्हर रीस्टार्ट केला. मोकळी मेमरी वाढली, पण सकाळी निकाल उघडायला आधीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. मी चुकीचा रकाना वाचला होता.

लिनक्स मेमरी रिकामी पडू देत नाही. डिस्कवरून वाचलेली माहिती ते मेमरीत ठेवते, म्हणजे पुन्हा डिस्ककडे जावे लागत नाही. वाचनालयात लागणारी पुस्तके टेबलावर काढून ठेवावीत आणि कुणाला टेबल हवे झाले की उचलावीत, तसेच हे. या साठ्याला कॅश म्हणतात. रीस्टार्ट करून मी भरलेले टेबलच साफ केले.

त्या रात्री वापरात 3, मोकळी 0.4 आणि कॅश 12.6 जीबी होती. मात्र सगळी कॅश सोडता येत नाही. तिच्यातले 4 जीबी पोस्टग्रेस या डेटाबेसचे सामायिक बफर होते. म्हणून 'अव्हेलेबल' हा रकाना पाहावा. नव्या कामाला स्वॅपशिवाय, म्हणजे डिस्कचा आधार न घेता, किती मेमरी मिळेल याचा तो अंदाज असतो. तिथे 8.5 जीबी दिसत होते!

'टॉप' कमांडमध्येही अशीच फसगत होते. पोस्टग्रेसच्या प्रत्येक प्रोसेससमोर तेच 4 जीबी दिसू शकतात. दहा कॅडेटनी एकाच बराकीचा पत्ता लिहिला म्हणून बराकी दहा होत नाहीत.

मग खरा धोका कधी? 'अव्हेलेबल' सतत घटत असेल आणि 'व्हीएमस्टॅट'मधले 'एसआय' व 'एसओ' हे स्वॅपचे रकाने सारखे हलत असतील तेव्हा. मेमरी पुरतीच संपली, तर कर्नल एखादी मोठी प्रोसेस बंद पाडतो, आणि ती बहुधा डेटाबेसचीच असते. अशा वेळी 'वर्क मेम' तपासावे. हे मूळचे 4 एमबी असते, पण प्रत्येक सॉर्टला वेगळे मिळते. ते 64 एमबी केले आणि 200 जोडण्यांनी एकाच वेळी एकेक सॉर्ट केला, तर साडेबारा जीबी लागू शकतात.

कॅडेट मित्रांनो, आधी 'अव्हेलेबल', मग स्वॅप, मग 'वर्क मेम' पाहा. रीस्टार्ट सर्वांत शेवटी.