खडकवासला : पाण्याचे माप आणि पाण्याचे मोल

सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुठा नदीला आडवी घातलेली भिंत आणि तिच्यामागील विस्तीर्ण जलाशय पाहिला की, पुण्याचे सारे पाणी येथेच साठलेले असावे असा प्रेक्षकाचा सहज समज होतो. वस्तुतः चार धरणांच्या या साखळीत खडकवासल्याची साठवण सर्वांत अल्प, अवघी १.९७ टीएमसी आहे. मोसे नदीवरील वरसगाव १२.८२, आंबीवरील पानशेत १०.६५ आणि मुठेच्या उगमाकडील टेमघर ३.७१ टीएमसी पाणी धरून ठेवते. परंतु एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, या हिशेबाने जो प्रचंड संचय वर होतो, त्यातून शहराकडे व शेताकडे जाणारे पाणी अखेर खडकवासल्याच्या दारातूनच बाहेर पडते. जुन्या काळच्या जकातीच्या नाक्याप्रमाणे येथे माल फारसा राहत नाही. मात्र तो कोणी, किती आणि कोणत्या दराने न्यावा, हा प्रश्न येथेच उपस्थित होतो.

पुण्याने पाण्याचे मूल्य पैशांत मोजले, ते पुष्कळ उशिरा. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी आणून शहरातील हौदांत सोडण्यात आले, तेव्हा त्याचा खर्च राज्यकर्त्यांनी सोसला आणि पाणी भरणाऱ्याने केवळ श्रम दिले. इंग्रजी अमलात ही दृष्टी पालटली. अवर्षणप्रवण मुलखाला संरक्षण मिळावे आणि पुण्याच्या लष्कराला व शहराला पाणी मिळावे, या दुहेरी हेतूने फाइफ या लष्करी अभियंत्याच्या योजनेनुसार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे दगडी धरण उभे राहिले, जलाशयाला ‘लेक फाइफ’ हे नाव पडले, आणि १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने कालव्याच्या पाण्यावरील आकारणीला कायद्याचे अधिष्ठान दिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच धरणावर स्वयंचलित दरवाजे बसविले आणि भिंतीची उंची न वाढविता पाण्याची पातळी काही फूट अधिक राखून दाखविली. दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ठरावीक क्षेत्राचे गट पाडून नियमित पाळीने पाणी देण्याची जी गटपद्धती सुचविली, तिच्यामागचे सूत्र असे होते की, मोजक्या गावांनी भरमसाट पाणी वापरण्यापेक्षा ते अनेक गावांत बेताने फिरावे. पुढे १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम चालू असलेले पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचेही धरण टिकले नाही, आणि पुण्याच्या पेठांमागून पेठा पाण्याखाली गेल्या. आज उभे असलेले धरण हे त्या आपत्तीनंतर पुन्हा बांधलेले आहे.

या पाण्याचा दर आज कसा ठरतो, हे नीट पाहिले पाहिजे. २००५ च्या कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण राज्यातील घाऊक पाण्याचे दर निश्चित करते. धरणे बांधण्यास लागलेले भांडवल वसूल करण्याचा हेतू या दरांमागे नाही. धरणे, कालवे व आस्थापना यांच्या परिरक्षणाचा व परिचालनाचा खर्च मात्र वापरणाऱ्यांकडून निघावा, अशी त्यामागील भूमिका आहे. हा खर्च शेती, घरगुती वापर व उद्योग यांच्यावर त्यांच्या ऐपतीचा विचार करून वाटला जातो. उद्योगांना दर सर्वांत चढा लागतो, आणि मंजूर कोट्यापलीकडे उचललेल्या पाण्याला वाढीव दंडात्मक दर पडतो. महापालिका जलसंपदा विभागाला पैसे देते, ते उचललेल्या पाण्याच्या घनमापानुसार.

परंतु धरणाच्या दारातून पाणी बाहेर पडले की माप बदलते. हवेली, दौंड आणि इंदापूर या तालुक्यांकडे सुमारे २०० किलोमीटर धावणाऱ्या नव्या मुठा उजव्या कालव्यावर शेतकरी सात नंबरचा अर्ज भरून पाणी मागतो, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तने, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या, ठरतात, शेजपाळीने, म्हणजे लगतच्या शेतांच्या क्रमाने, चाऱ्या सुटतात, आणि मोजणीदार भिजलेले क्षेत्र व त्यावरील पीक नोंदवून पाणीपट्टी आकारतो. उसाला अधिक, ज्वारीला कमी, असा हा न्याय आहे. पण प्रत्यक्ष किती पाणी शेतात उतरले, याचा त्यात पत्ता नसतो. पाणी वापर संस्था स्थापून घनमापाने पाणी घेण्याची सोय कायद्याने केलेली आहे, तथापि ती सर्वत्र रुजलेली नाही.

शहरात तर माप आणखी निराळे आहे. पर्वतीच्या जलकेंद्रात तुरटीने गाळ बसवून, वाळूच्या थरांतून गाळून आणि क्लोरिन मिसळून शुद्ध केलेले पाणी टेकड्यांवरील टाक्यांत चढविले जाते. व्यापारी वापराला मीटर लागतो, परंतु निवासी घरांची पाणीपट्टी आजवर मिळकतीच्या वार्षिक करपात्र मूल्याशी जोडलेली राहिली आहे. म्हणजे गृहस्थाने किती पाणी वापरले यापेक्षा त्याचे घर किती किमतीचे आहे, यावर त्याची रक्कम ठरते. श्रीमंताकडून अधिक घ्यावे हा त्यातील उद्देश स्तुत्य आहे. परंतु त्याच उद्देशापोटी नळ उघडा ठेवणाऱ्यास कोणताही निर्बंध उरत नाही, आणि वाटेत फुटलेल्या नळातून गेलेल्या पाण्याची नोंद कोणाच्याच खात्यावर होत नाही. ही गळती एकतृतीयांशाहून अधिक असल्याचे खुद्द महापालिकेचेच अंदाज सांगत आले आहेत.

येथूनच शहर आणि शेत यांचा जुना वाद उद्भवतो. महापालिकेचा करार कित्येक वर्षे दरसाल ११.५ टीएमसीचा होता, आणि प्रत्यक्ष उचल त्याहून पुष्कळ अधिक होत राहिली. शहर वाढते, माणसाला पिण्याचे पाणी हवेच, ही महापालिकेची बाजू खरी आहे. आणि शहराने एक टीएमसी अधिक उचलला की उन्हाळी आवर्तन आखडते व त्याचा पहिला फटका टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला बसतो, हेही तितकेच खरे आहे. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे प्रक्रिया केलेले ६.५ टीएमसी पाणी जुन्या कालव्यात शेतीसाठी सोडावयाचे, ही तडजोड याच वादातून निघाली; परंतु त्या पाण्याची शुद्धता शेतकऱ्याला पटल्यावाचून तिला परतफेड म्हणता येणार नाही.

शहरातील गळती आणि असमान वाटप यांवर उपाय म्हणून आखलेल्या समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये मुंबई शेअर बाजारात २०० कोटींचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने विकले, आणि नव्या टाक्या, नव्या जलवाहिन्या व घरोघरी मीटर यांचे काम हाती घेतले. मीटरला झालेला विरोध समजण्यासारखा आहे. मोजणी आली की दरवाढ येते, अशी सामान्य माणसाची धास्ती आहे आणि ती निराधार नाही. म्हणूनच मोजणीबरोबर अशी हमी यावयास हवी की, जगण्यास लागणारे पहिले माप सर्वांना अत्यल्प दरात मिळेल, आणि चढता दर त्यापुढील वापरालाच लागेल. अशा हमीवाचून बसविलेला मीटर गरिबाला जाचक ठरेल. मीटरवाचून दिलेली सवलत मात्र प्रथम धनिकाच्याच बागेत जिरेल.

माझे मत स्पष्ट आहे. दर किती असावा, याविषयीचा वाद माप ठरल्यावाचून निष्फळ आहे. एकाच पाण्याला धरणावर घनमाप, शेतात क्षेत्र आणि घरात भिंतींची किंमत अशी तीन मापे लावली, तर कोण किती घेतो आणि कोण किती देतो याची तुलनाच अशक्य होते, आणि तुलना अशक्य झाली की ज्याचा आवाज मोठा त्याचे आवर्तन मोठे, असा प्रघात पडतो. तेव्हा कालवा सल्लागार समितीच्या प्रत्येक बैठकीपूर्वी शहराची उचल, शहरातील गळती, परत सोडलेले पाणी आणि टेलपर्यंत पोहोचलेले पाणी या चारही रकमा एकाच मापात, एकाच कागदावर प्रसिद्ध झाल्या पाहिजेत, ही मागणी पुणेकरांनी आणि इंदापूरकरांनी मिळून करावी. कारण ती मान्य होण्यात दोघांचेही हित आहे.