मिटलेले फुफ्फुस आणि क्ष-किरणांची साक्ष

भोर आणि वेल्हे परिसरातील डोंगरउतारावर भातरोपांच्या राबासाठी झाडावर चढून फांद्या तोडण्याची रीत जुनी आहे. अशा वेळी कोणी पडला, की आधी हातपाय तपासले जातात. मोडलेला हात दिसतो. मोडक्या बरगडीने फुफ्फुसाला पडलेले छिद्र दिसत नाही. त्यातून निसटलेली हवा फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये साचते व फुफ्फुस मिटू लागते. छातीत एका बाजूस कळ येते, धाप लागते. क्षयरोगाने फुफ्फुस पोखरलेल्या रुग्णास किंवा उंच, सडपातळ तरुणास, विशेषतः तो धूम्रपान करीत असल्यास, मार न लागताही हा विकार होऊ शकतो.

निदानाचा पहिला आधार क्ष-किरण चित्राचा. १८९५ मध्ये राँटगेन यांनी शोधलेले हे किरण हवेतून सहज पार होतात, म्हणून चित्रात हवा काळी दिसते. निरोगी फुफ्फुसही काळसरच दिसते. परंतु त्यातील रक्तवाहिन्यांचे पांढुरके जाळे छातीच्या कडेपर्यंत पोहोचलेले असते. फुफ्फुस मिटले, की त्याची कड एका बारीक पांढऱ्या रेषेने उमटते आणि रेषेपलीकडे जाळे नसते, निव्वळ काळोख असतो. हवा वर चढते, म्हणून रुग्णास शक्यतो उभे करून चित्र घेतात. आडव्या रुग्णात ती छातीच्या पुढील भागात पसरते आणि चित्र चकवू शकते. तेथे सोनोग्राफी उपयोगी पडते: श्वासाबरोबर होणारी फुफ्फुसाची सरक तीत दिसेनाशी होते. सी.टी. स्कॅनमध्ये अगदी थोडी हवाही सापडते.

गंमत अशी, की क्षयावर औषधे नव्हती त्या काळी डॉक्टर हीच हवा मुद्दाम छातीत भरीत. रोगी फुफ्फुसाला विश्रांती मिळावी हा हेतू. इटलीचे फोर्लानिनी या उपचाराचे प्रवर्तक.

एका प्रसंगी मात्र चित्राची वाट पाहणे घातक ठरते. हवा आत शिरते पण बाहेर पडत नाही, तेव्हा तिचा दाब हृदयावर येतो. रुग्ण घामाघूम होतो, ओठ निळसर पडतात, नाडी जलद होत जाते किंवा लागेनाशी होते. अशा वेळी डॉक्टर लक्षणांवरूनच सुईने हवा काढतात. गावकऱ्यांनी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावताना ‘पडल्यानंतर धाप लागली आहे’ हे स्पष्ट सांगावे.

थोडी हवा शरीर आपोआप शोषून घेते. अधिक असल्यास बरगड्यांमधून नळी घालतात. नंतर पुन्हा चित्र काढून ती पांढरी रेषा नाहीशी झाली का, हे पाहिले जाते.