मारुती 800 आणि खारपाणपट्टा

तेल्हाऱ्याच्या बाजूला जुन्या मारुती 800चं इंजिन उघडायची पाळी येते ती बहुतेक वेळा पाण्यापायी. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे उतरलं की पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो. तिथलं बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, पण रेडिएटरमध्ये बिनदिक्कत ओतलं जातं. आतल्या बारीक नळ्यांत क्षार बसतात, पाणी फिरेनासं होतं, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की गाडी गरम व्हायला लागते. गॅरेजमध्ये पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, पाणी कोन्तं टाकता?"

पहिली मारुती 14 डिसेंबर 1983ला ग्राहकाच्या हाती पडली. इंजिन जपानच्या सुझुकीचं, एफ8बी: तीन सिलिंडर, बोअर 68.5 मिमी, स्ट्रोक 72 मिमी, एकूण 796 सीसी. हेच इंजिन ओम्नीत आलं आणि पाकिस्तानातल्या मेहरानमध्येही. 800चं उत्पादन 2014च्या जानेवारीत थांबलं, पण ओम्नी 2019पर्यंत निघत राहिली. म्हणूनच रिंगा, पिस्टन, बेअरिंग अजून दुकानात मिळतात. मात्र ओम्नीचं अख्खं इंजिन जसंच्या तसं 800मध्ये बसत नाही. ओम्नीत ते पुढच्या सीटखाली उभं असतं आणि मागची चाकं फिरवतं; 800मध्ये बॉनेटखाली आडवं बसून पुढची. पुढे आलेलं बारा व्हॉल्व्हचं इंजिनही 796 सीसीचंच, पण त्याचं हेड वेगळं. पार्ट घेताना नुसतं "800चं द्या" म्हणून भागत नाही. जुना पार्ट हातात घेऊनच जावं.

गरम झालेल्या गाडीत सगळ्यात आधी मार खातं ते अॅल्युमिनियमचं हेड. ते वाकतं, गॅस्केट जातं, पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. हेड उतरवल्यावर चांगला मिस्त्री ते घासून लख्ख करतो, त्यावर स्टीलची सरळ पट्टी उभी, आडवी आणि कर्णात ठेवतो आणि पट्टीखाली फिलर गेज सरकवतो. 0.05 मिमीची पात, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्मी जाडी, खालून गेली तर हेड फेसिंगला पाठवायलाच हवं. घाईत नुसतं नवं गॅस्केट टाकून बोल्ट आवळले की तेच काम पुन्हा निघतं, आणि मजुरी दुप्पट. बोल्टही मधून बाहेरच्या दिशेनं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचनंच आवळायचे.

एका पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. त्यानं दुखणं जात नाही; उलट हिवाळ्यात इंजिन पुरेसं तापत नाही, कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि बोअर झिजतो. मग गाडी ऑइल प्यायला लागते, निळा धूर मारते आणि हाफ इंजिनचं काम येतं: बोअर करा, ओव्हरसाइज पिस्टन टाका. ब्लॉकच गेला आणि दुसरं इंजिन बसवलं, तर नवा इंजिन नंबर अकोल्याच्या आरटीओत आरसीवर चढवून घ्यावा लागतो.

रेडिएटर साफ करून त्यात डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घातलं तर यातलं बरंच टळतं. वान धरणाचं गोडं पाणी बोअरपेक्षा बरं, पण तेही अडीनडीलाच. जुनी 800 घ्यायला निघालात तर इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. कडेला पांढरी खपली असेल तर भाव पाडून मागा. ऑइलच्या झाकणाआड दुधाळ साय दिसली तर हेड उतरवण्याचा खर्च त्यात धरा.