एका दीर्घिकासमूहातील तीन कृष्णविवरे

टुकाना या दक्षिणेकडील तारकासमूहात एन्‌जीसी ७७३३ व एन्‌जीसी ७७३४ या दोन दीर्घिका परस्परांच्या गुरुत्वाने ओढल्या जात आहेत. गोंदिया जिल्ह्यातील मुर्रीच्या अक्षांशावरून ही जोडी क्षितिजावर फार तर अडीच अंश चढते. सबब तिचा अभ्यास दक्षिण गोलार्धातून अथवा अवकाशातूनच करावा लागतो. २०१५ साली प्रक्षेपित झालेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील जंबुपार दुर्बीण त्या कामी आली. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने पुण्याची आयुका व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांच्यासह अनेकांच्या सहकार्याने ती सिद्ध केली होती.

एन्‌जीसी ७७३३ च्या उत्तर भुजेत एक तेजस्वी पुंज दिसतो. ताऱ्यांचे जन्मस्थान म्हणून तो सहज दुर्लक्षिला गेला असता. भुजांमध्ये असे पुंज विपुल असतात. परंतु चिलीतील महादुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटात त्यातील हायड्रोजनच्या रेषेवरून निघालेला वेग भुजेच्या वेगाशी जुळेना. हा फरक दीर्घिकेच्या परिभ्रमणाने उलगडत नाही. पुंज ही स्वतंत्र, तिसरी दीर्घिका ठरली. पुढे नायट्रोजन व ऑक्सिजन यांच्या रेषांचे हायड्रोजनच्या रेषांशी असलेले प्रमाण पाहता, तिन्ही दीर्घिकांच्या केंद्रांतील वायू केवळ तरुण ताऱ्यांच्या प्रकाशाने आयनीभूत झालेला नाही, असे दिसून आले. तिन्ही ठिकाणी प्रचंड कृष्णविवरे वायू गिळीत आहेत, हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला.

तिसऱ्या कृष्णविवराचे महत्त्व निव्वळ संख्येत नाही. दीर्घिका एकरूप झाल्यावर त्यांची कृष्णविवरे भोवतालच्या ताऱ्यांना ऊर्जा देत देत जवळ येतात. पण अंतर सुमारे एक पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षे, उरले की वाटेतील तारे बहुतांशी उधळले गेलेले असतात, आणि गुरुत्वतरंगांनी ऊर्जा वाहून नेण्याइतकी ती जवळ आलेली नसतात. गती येथेच कुंठित होते. तिसरे कृष्णविवर आल्यास ते या जोडीची कक्षा अधिक लंबवर्तुळाकार करू शकते. मग निकटबिंदूपाशी गुरुत्वतरंग प्रभावी होतात.

अर्थात प्रस्तुत समूहातील कृष्णविवरे अद्याप त्या अवस्थेपासून पुष्कळच दूर आहेत. अशा जोड्या अन्यत्र मात्र खरोखर जवळ येत असाव्यात. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने केलेल्या स्पंदताऱ्यांच्या कालमापनाचा समावेश असलेल्या, २०२३ साली युरोपीय व भारतीय गटांनी मांडलेल्या संयुक्त विश्लेषणात मंद गुरुत्वतरंगांच्या पार्श्वभूमीचा पुरावा आढळला आहे. त्या तरंगांचा एकेक हेलकावा पुरा होण्यास वर्षे लागतात.