पानाच्या डब्यातले पाते

अंधेरीत, पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, जुन्या तीन-चार मजली इमारती एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. घर रिकामे करण्याची तारीख ठरली की आधी माळा उतरवला जातो. पितळी बंब, घंगाळ, ठोक्याची पातेली, बंद पडलेला स्टो... बघता बघता दोन ढीग होतात. एक नव्या घरी न्यायचा, दुसरा भंगारवाल्याला द्यायचा. या दुसऱ्या ढिगात आजोबांचा काळवंडलेला पानाचा डबा पुष्कळदा असतो आणि डब्यात असतो एक अडकित्ता. पान खाणारे घरात कोणी उरलेले नाही, नव्या घराला माळा नाही आणि या वस्तूचे करायचे काय, हे कोणालाच सुचत नाही. भंगारवाला काटा उचलतो, पितळेचा भाव सांगतो आणि तीन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेली वस्तू पाचव्या मिनिटाला पोत्यात पडते.

यात दोष कोणाचाच नाही. दोन खोल्यांत संसार करणाऱ्याने वस्तुसंग्रहालय थाटावे, असे कोण म्हणेल? पण अशीच एक अगदी साधी, खिशात मावणारी वस्तू दुसऱ्या एका देशात किती मायेने सांभाळली जाते हे पाहिले, म्हणजे आपल्या पोत्यात नेमके काय पडले याचा अंदाज येतो.

ती वस्तू म्हणजे अमेरिकन माणसाच्या खिशातला चाकू. मार्क ट्वेनच्या ‘टॉम सॉयर’ या १८७६ सालच्या कादंबरीत बायबलमधली वचने पाठ केल्याबद्दल टॉमला त्याची मावसबहीण मेरी एक ‘बार्लो’ चाकू देते. किंमत साडेबारा सेंट, पण पोराच्या आनंदाला पारावार राहत नाही. तिकडच्या खेड्यापाड्यांत वडिलांनी किंवा आजोबांनी मुलाच्या हातावर पहिला चाकू ठेवणे, म्हणजे ‘आता तू जाणता झालास’ असे सांगणेच असे. चाकूंची नावेही कामावरून पडली. गुरे राखणाऱ्यांचा तीन पात्यांचा तो ‘स्टॉकमन’, फासे लावून जनावरे धरणाऱ्यांचा दोन लांब पात्यांचा तो ‘ट्रॅपर’. ‘बक’ कंपनीने १९६४ साली ‘११०’ नावाचा मिटणारा शिकारी चाकू काढला. त्याचे पाते उघडल्यावर जागच्या जागी अडकून राहते, त्यामुळे शिकार सोलताना ते बोटांवर मिटण्याची भीती नाही. या चाकूंच्या मुठींचा आपल्याशीही संबंध आहे. भारतातल्या सांबरांची गळून पडलेली शिंगे पूर्वी शेफील्डच्या आणि अमेरिकेच्या कारखान्यांत मुठींसाठी जात. पुढे भारताने ही निर्यात बंद केली.

असे चाकू जमवणारे हजारो लोक अमेरिकेत आहेत. हे सारे कारखान्यात साच्यातून निघालेले चाकू, एकासारखा दुसरा. मग त्यात जमवायचे काय? तर पात्याच्या बुडाशी, मुठीजवळ, कारखान्याचा एक बारीक शिक्का असतो. संग्राहक भिंग लावून आधी तो वाचतो. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या ‘केस’ कंपनीने १९७० साली आपल्या शिक्क्याखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दरवर्षी एकेक ठिपका कमी केला. १९८० साली अक्षरांचे वळण बदलून पुन्हा दहापासून आरंभ झाला. म्हणजे जुन्या वळणाचा शिक्का आणि खाली सहा ठिपके दिसले, की चाकू १९७४ सालचा. शिक्का वाचून झाला की पाते उघडून बघायचे. आतल्या कमानीवरून सरकत ते ‘टक्’ असा आवाज करून बसले पाहिजे. जाणत्याला त्या आवाजावरून चाकू किती वापरला गेला, हे कळते.

आपल्याकडे मात्र ‘मी चाकू जमवतो’ असे कोणी म्हटले, तर शेजारी आधी दार लावून घेतील! चाकू म्हटले की मुंबईकराला आठवतो तो रामपुरी. आणि तो रामपूरहून नव्हे, पडद्यावरून आलेला. फिल्मालय, नटराज अशा स्टुडिओंमुळे ज्या अंधेरीचे नाव सिनेमाशी जोडले गेले, तिथल्या प्रेक्षकाला हे सांगायला नकोच. ‘वक्त’ या १९६५ सालच्या चित्रपटात राजकुमार समोरच्याच्या हातातला चाकू काढून घेतो आणि हे काही पोरांचे खेळणे नव्हे, अशा अर्थाचे दोन शब्द शांतपणे सुनावतो, तेव्हा थिएटरात शिट्ट्या पडत. उत्तर प्रदेशातल्या रामपूरने आपली ही ओळख पुसण्याऐवजी मिरवायचे ठरवले. २०२३ साली तिथल्या एका चौकात ६.१० मीटर लांबीचा चाकूच उभा केला गेला. पण रामपुरीची वाट आपल्या घरातून जात नाही. आपल्या घरातली पाती वेगळी आहेत.

ती एकदा मोजून पाहावीत. घाटावरची विळी वेगळी, कोकणातला आडाळो वेगळा, गोव्याची आदोळी वेगळी. नारळ खवायला पुढे दातेरी चकती असलेली खवणी विळीच्याच अंगाला फुटलेली. अंधेरीच्या पश्चिम टोकाला वेसाव्याच्या कोळीवाड्यात मासळी कापणाऱ्या बाईचा कोयता तिच्या हाताइतकाच ओळखीचा. दुसरीने तो उचललेला तिला खपत नाही. शेजारच्या कच्छी कुटुंबात अंजारचा चाकू असतो, काठियावाडी घरात जामनगरची सुडी असते. सुडी म्हणजे आपला अडकित्ताच. या सगळ्यांत खिशात किंवा चंचीत बसून माणसाबरोबर गावोगाव हिंडणारा, म्हणजे अमेरिकन चाकूचा खरा भाऊबंद शोभेल असा, एकटा अडकित्ता.

त्याची रचना सोपी आणि अक्कलहुशारीची. दोन दांडे एका टोकाला खिळ्याने जोडलेले. खालच्या दांड्यावर सुपारी बसायला खोबण, वरच्याला पाते. सुपारी खिळ्याजवळ आणि हाताचा जोर दुसऱ्या टोकाला, त्यामुळे दगडासारखी सुपारीही थोड्या दाबाने फुटते. शाळेतल्या तरफेच्या धड्यात अडकित्त्याचे चित्र असते, ते याच कारणासाठी. पितळेला धार टिकत नाही म्हणून अंग पितळेचे आणि पाते पोलादी. मग त्या पितळी अंगावर ओताऱ्याची हौस. कुठे घोडा, कुठे पोपट, कुठे मोर, कुठे एकमेकांकडे पाहणारे जोडपे. अडकित्ता मिटला की जोडपे जवळ येते, उघडला की दूर जाते!

या एवढ्याशा यंत्राभोवती मराठी माणसाचा केवढा व्यवहार फिरत होता. लग्न ठरले की सुपारी फुटायची. पाहुणा आला की पानाचे तबक पुढे व्हायचे आणि सुपारी कातरता कातरता जमिनीचे, पिकाचे, सोयरिकीचे बोलणे निघायचे. श्रीवर्धनच्या रोठ्याची सुपारी किती बारीक कातरता येते, यावर म्हाताऱ्यांच्या पैजा लागत. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड असावे म्हणून विळा नाहीतर अडकित्ता ठेवला जाई. दोन्हीकडून कोंडी झालेला माणूस ‘अडकित्त्यात सापडे’. पुढे याच मुंबईत ‘सुपारी’ या शब्दाला भलताच अर्थ चिकटला. लग्न ठरवणारा शब्द खून ठरवू लागला आणि अडकित्ता पाहिलाच नाही अशा मुलांना तेवढाच अर्थ ठाऊक राहिला.

आता मघाच्या शिक्क्याकडे वळू. अमेरिकन चाकूवर कंपनीचे नाव असते, गाव असते, साल काढता येते. आपल्या अडकित्त्यावर काय असते? काहीच नाही. ओताऱ्याचे नाव नाही, पाते घडवणाऱ्या लोहाराचे नाही, गाव नाही, साल नाही. कारखान्यातून हजारांनी निघालेल्या चाकूला जन्मदाखला आहे आणि एकेक करून हाताने घडवलेल्या वस्तूला नाही. तिची सगळी ओळख घरातल्या माणसांच्या तोंडी असते. ‘हा पणजोबांनी वाईच्या बाजारात घेतला’, ‘हा आत्याच्या रुखवतात आला’, एवढे एक वाक्य. ते सांगणारे माणूस गेले, की उरते ते पाव-अर्धा किलो पितळ. अमेरिकन नातवाने आजोबांचा चाकू हरवला तर एक चाकू हरवतो. आपण चिठ्ठीवाचून अडकित्ता हरवला, तर वस्तूबरोबर तिचा दाखलाही जातो.

हे ज्यांना फार आधी उमगले, असे एक गृहस्थ पुण्यात होऊन गेले. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. घरचा धंदा चष्म्यांचा, लिहायचे कविता, तीही ‘अज्ञातवासी’ या नावाने. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचे वेड लागले. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला आणि मग हा संग्रह त्याच्या नावाने वाढू लागला. पत्नी कमलाबाईंची साथ होतीच. त्या काळी जाणकार तलवारी, चित्रे, नाणी शोधत असताना केळकर अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, कुंकवाचे करंडे आणि स्वयंपाकघरातली भांडी गोळा करत खेडोपाडी फिरत होते. लोकांनी वेड्यात काढायला हरकत नव्हती. १९७५ साली त्यांनी हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. १९९० साली ते गेले. बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज वीस हजारांच्या घरात वस्तू आहेत आणि तिथल्या अडकित्त्यांपुढे मुले हमखास रेंगाळतात. राजाच्या वयाचा कोणी मुलगा काचेला नाक लावून पितळी घोडा बघत असतो, तेव्हा या संग्रहाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आणखी एका माणसाचे नाव इथे घेतले पाहिजे. सॅम्युएल आयलेनबर्ग हे वॉर्सात जन्मलेले, १९३९ साली अमेरिकेत गेलेले थोर गणिती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ते शिकवत. १९५० च्या दशकात ते मुंबईला आले आणि इथे त्यांना भारतीय कलावस्तूंचा छंद जडला. त्यांचा कल लहान, हातात मावणाऱ्या धातूच्या वस्तूंकडे. मूर्तींबरोबर त्यांनी अडकित्तेही जमवले. इतके, की १९९१ साली हेन्री ब्राउनरिग यांनी केवळ त्यांच्या अडकित्त्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या संग्रहातल्या शेकडो कलावस्तू त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिल्या. ज्या शहरात हा छंद लागला, त्याच शहरात अडकित्ता आज काट्यावर तोलला जातो, हे मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

कोणी विचारील, मग काय पुन्हा सुपारी खायची? मुळीच नाही. सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. अडकित्ता कामावरून निवृत्त झाला हे उत्तमच झाले. पण निवृत्त झालेल्या माणसाला आपण घराबाहेर काढत नाही.

सांभाळायला फार काही लागत नाही. चिंच किंवा पावडर लावून लखलखीत करण्याचा मोह आवरावा. काळसर झालेला पितळी रंग हे वस्तूचे वय असते आणि घासले की नक्षीही झिजते. पोलादी पात्याला मात्र गंज चढू देऊ नये. कोरड्या फडक्याने पुसून खोबरेल तेलाचा हलका हात द्यावा. धारवाल्याच्या चाकावर जुने पाते धरू नये. मूठ हस्तिदंताची असेल तर ती विकण्याच्या फंदात पडू नये, कायद्याने ती खरेदी-विक्री बंद आहे. घरात एखादा मोठा जंबिया निघाला, तर शस्त्र कायद्याचे नियम विचारून घ्यावेत. नऊ इंचांहून लांब पात्याच्या हत्यारांना ते लागू होऊ शकतात, घरकामाच्या अवजारांना नाही. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेल्या आजीने अडकित्ता पर्समध्ये ठेवला, तर सहारच्या विमानतळावर तपासणीत तो बाजूला काढला जाईल. मोठ्या बॅगेत ठेवावा. मात्र तो शंभर वर्षांहून जुना असेल, तर १९७२ च्या कायद्याने पुरातन वस्तू ठरू शकतो आणि तशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. एका परीने बरेच आहे, तो इथेच राहील.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. वस्तू कोणाची, कुठून आली, साधारण केव्हा आली आणि कोणी वापरली. तो कागद दोऱ्याने दांड्याला बांधावा. शाळेला सुट्टी असेल तर हे काम नातवंडांना द्यावे. हाच आपला शिक्का, हेच आपले दहा ठिपके. नव्या घरात माळा नसला तरी एका चिठ्ठीपुरती आणि एका अडकित्त्यापुरती जागा कपाटाच्या कप्प्यात निघतेच. पहिली ओळ मात्र घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईकडून सांगून घ्यावी. अडकित्त्याचे वय तिला सांगता येणार नाही कदाचित, पण दुपारी जेवणानंतर त्यावर सुपारी कोणासाठी कातरली जाई, हे तिला नक्की आठवत असेल.