गहाळ झालेले पाठ: शोध व जतन

जुन्नरजवळील नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. मूर्ती जवळजवळ नष्ट झाल्या. त्यांवरील नावे मात्र आजही वाचता येतात. संगणकात याच्या उलट घडते. फाईल पुसली असता तिचे नाव सूचीतून जाते. आतील मजकूर काही काळ तेथेच राहतो. ती जागा मोकळी समजून तीवर नवा मजकूर लिहिला गेला, म्हणजे जुना कायमचा जातो.

यावरून पहिला नियम निघतो. पाठ गहाळ होताच त्या संगणकावर वा पेनड्राइव्हवर नवीन काहीही साठवू नये. पडद्यावर ‘फॉरमॅट’ करण्याविषयी विचारणा झाल्यास होकार देऊ नये. प्रथम रिसायकल बिन पाहावी. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल मात्र सामान्यतः तेथे येत नाही. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल ३० दिवस राहते. पाठ व्हॉट्सॲपवरून एखाद्या सहकाऱ्यास धाडला असल्यास त्याच्याकडे मागावा. एवढ्याने न भागल्यास जाणकाराकडून पुनःप्राप्तीचा प्रोग्रॅम चालवून घ्यावा व सापडलेला मजकूर निराळ्या साधनावर उतरवावा. एसएसडी असलेल्या संगणकात पुसलेला मजकूर बहुधा लवकरच नाहीसा होतो. तेथे फारशी आशा धरू नये.

शोधापेक्षा जतन सोपे. प्रत्येक महत्त्वाच्या फाईलच्या तीन प्रती असाव्यात: एक शाळेच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर व तिसरी शाळेबाहेर, म्हणजे गुगल ड्राइव्हवर किंवा केंद्रशाळेत. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली. त्या मनुष्यहानीपुढे कागदपत्रांचा विचार गौण होय. तथापि सर्व प्रती एकाच छपराखाली ठेवू नयेत, एवढा बोध त्यातून घ्यावा. फाईलच्या नावात इयत्ता, विषय व दिनांक लिहावा. दर सत्राच्या आरंभी प्रती उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे.

सन २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अनेक मुलांनी आपले वाचन भ्रमणध्वनीवर मुद्रित करून शिक्षकांकडे पाठविले. शिक्षकाने केलेला पाठ गेला तर तो पुन्हा तयार करता येईल. पहिलीतील मुलाने अक्षरे जुळवून प्रथम वाचलेले वाक्य पुन्हा मुद्रित होणे नाही. म्हणून जतनाचा आरंभ मुलांच्या कामापासून करावा.